साक्षी आणि साक्षीदार : हेन्री नेव्हिन्सन

मंडळी, वेदान्तातला ‘साक्षी’ केवळ पाहतो. सुखदुःखाचा लेप त्याला लागत नाही. कोर्टातल्या साक्षीदाराला मात्र पाहिलेलं सांगावं लागतं, उलटतपासणी सोसावी लागते. मग वार्ताहर यांतला कोण? हेन्री नेव्हिन्सन या इंग्रज बातमीदाराच्या आयुष्यावरून आज आपण हे तपासू.

१८५६ मध्ये लेस्टरला जन्म, शिक्षण ऑक्सफर्डला. चाळिशी उलटल्यावर, १८९७ च्या ग्रीस-तुर्कस्तान युद्धापासून हा गृहस्थ युद्धवार्ताहर झाला. बोअर युद्धात लेडीस्मिथच्या वेढ्यात सापडला; तो वेढा ११८ दिवस चालला. पुढे १९१५ साली गॅलिपोलीच्या मोहिमेत जखमीही झाला. पण आपल्याला महत्त्वाचं वाटतं ते १९०४-०५ चं काम. पोर्तुगीज अंगोलात फिरून त्यानं दाखवलं, की ‘कंत्राटी मजूर’ या गोंडस नावाखाली माणसं गुलाम म्हणून साओ तोमे आणि प्रिन्सिपे या बेटांवर कोकोच्या मळ्यांत पाठवली जातात. म्हणजे इंग्लंडमधल्या चॉकलेटचा गोडवा कुणाच्या घामाचा, हे त्यानं सांगितलं. १९०९ मध्ये कॅडबरीनं त्या बेटांचा कोको घेणं बंद केलं.

१९०७ च्या अखेरीस तो ‘मँचेस्टर गार्डियन’साठी हिंदुस्थानात आला. पुण्यात गोखल्यांना भेटला, टिळकांनाही भेटला. त्या वर्षीचं काँग्रेस अधिवेशन खरं म्हणजे आपल्या नागपूरला व्हायचं होतं. तिथे टिळकपक्षाचा जोर, म्हणून ते सुरतेला हलवलं. २७ डिसेंबरला तिथे मंडपात जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या, अधिवेशन मोडलं. नेव्हिन्सन तिथे हजर होता. १९०८ मध्ये त्याचं ‘द न्यू स्पिरिट इन इंडिया’ हे पुस्तक निघालं. सुरतेचं वर्णन त्यात आहे.

आता खरी अडचण पाहा. त्याच १९०८ च्या जुलैत ‘केसरी’तल्या लेखांबद्दल टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडालेला पाठवलं. हिंदुस्थानातल्या असंतोषावर दोघांनीही लिहिलं. एकाचं पुस्तक लंडनच्या दुकानात, दुसरा तुरुंगात! साम्राज्याच्या नागरिकाला साक्षीदार होण्याची सवलत होती. प्रजेनं तोंड उघडलं की ती आरोपी ठरे.

म्हणून नेव्हिन्सन खोटा ठरतो का? आम्हाला तसं वाटत नाही. आपल्याला मिळालेली सवलत त्यानं आपल्याच देशाच्या सोयीविरुद्ध वापरली, हे त्याचं मोठेपण. मात्र परक्याची साक्ष कितीही प्रामाणिक असली, तरी ती घरच्या माणसाच्या साक्षीची जागा घेऊ शकत नाही.

घुग्घुसकरांना हे वेगळं समजवायला नको. इथला कोळसा वॅगनी भरून जातो, दिवे दूरच्या शहरांत लागतात, धूळ इथल्या अंगणात बसते. बाहेरचा पत्रकार चार दिवस राहून लिहील, अवश्य लिहावं. पण रोज अंगण झाडणाऱ्या बाईनं काय पाहिलं, हे कोण लिहिणार?