‘इंटिग्रेटिव्ह’ उपचार म्हणजे नेमके काय?

दवाखान्यांच्या पाट्यांवर आणि आरोग्य शिबिरांच्या जाहिरातींत अलीकडे ‘इंटिग्रेटिव्ह’ हा इंग्रजी शब्द वारंवार दिसतो. मराठीत त्याला ‘एकात्मिक’ म्हणतात. शब्द भारदस्त आहे. पण त्याचा अर्थ चुकीचा घेतला, तर किंमत रुग्णाला मोजावी लागते.

या शब्दाचे मूळ लॅटिन ‘इंटिजर’मध्ये आहे. त्याचा अर्थ अखंड, पूर्ण. म्हणजे निरनिराळे उपचार मिळून एकच योजना व्हायला हवी. त्याच्या शेजारचे दोन शब्द वेगळे आहेत. नेहमीच्या उपचारांऐवजी दुसरे काही घेणे म्हणजे ‘पर्यायी’. त्यांच्या जोडीने घेणे म्हणजे ‘पूरक’. उपयोग आणि सुरक्षितता तपासून, उपचार करणाऱ्या सर्वांना माहिती देऊन दोन्हींचा मेळ घालणे म्हणजे ‘एकात्मिक’. कर्करोगाची शस्त्रक्रिया टाळून केवळ काढे घेणे ‘एकात्मिक’ नव्हे. केमोथेरपी चालू ठेवून, कर्करोगतज्ज्ञांच्या संमतीने थकव्यासाठी योगासने करणे मात्र त्यात बसते.

हा फरक नुसता शाब्दिक नाही. अमेरिकेत या विषयावर संशोधन करणाऱ्या सरकारी केंद्राच्या नावात 1998 पासून ‘पर्यायी’ हा शब्द होता. डिसेंबर 2014 मध्ये तो काढून ‘इंटिग्रेटिव्ह’ शब्द घेण्यात आला. बहुतेक लोक असे उपचार नेहमीच्या औषधांच्या जोडीने घेतात, हे त्यामागचे एक कारण होते.

आपल्याकडेही सकाळी रक्तदाबाची गोळी आणि रात्री काढा, असे अनेक घरांत चालते. अडचण अशी की, एकाचे औषध दुसऱ्याला सांगितले जात नाही. ज्येष्ठमधाचे उदाहरण पाहा. घशासाठी थोडेसे चघळले तर सहसा काही बिघडत नाही. पण बरेच दिवस, जास्त प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम घटते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी काही औषधे घेणाऱ्यांचे पोटॅशियम आधीच कमी झालेले असू शकते. मग हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका असतो. डॉक्टरांना काढा ठाऊक नसेल, तर ते गोळीचा डोस वाढवत राहतात.

‘नैसर्गिक आहे, म्हणून निर्धोक’ हे गृहीत धरता येत नाही. तसेच ‘जुने आहे, म्हणून निरुपयोगी’ हेही नाही. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा ही वनस्पती उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन निष्कर्ष नोंदवले आणि ते 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. पुढे तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. त्याचा उपयोग सिद्ध झाला, तसे दुष्परिणामही नोंदवले गेले. कसोटी दोन्हींना एकच हवी.

पाटीवर ‘इंटिग्रेटिव्ह’ दिसले, तर तीन प्रश्न विचारावेत. चालू औषधांची चौकशी झाली का? नव्या उपचाराला आधार कोणता? गुण आला की नाही, हे कशावरून ठरवणार? कोणी इन्सुलिन बंद करायला सांगितले, तर नेहमीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते थांबवू नये. टाइप 1 मधुमेहात ते जिवावर बेतते. पुढच्या तपासणीला जाताना गोळ्या, काढे, चूर्णे, सगळे एकाच पिशवीत घालून न्यावे. एकात्मिक उपचारांची सुरुवात तिथूनच होते.