इंग्रजी आणि चिनीतला ‘पण’ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट आउट.’ मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांच्या इंग्रजी वहीत हे वाक्य हमखास सापडतं आणि त्याखाली लाल रेघही. चिनी मुलं इंग्रजी शिकतात तेव्हा त्यांच्याही वहीत हीच चूक ठरलेली असते. दोन भाषांची कुळं वेगळी, लिप्या वेगळ्या, तरी चूक एक. कारण सोपं आहे : दोघांच्याही मातृभाषेत हे वाक्य बरोबर आहे. आपण ‘जरी पाऊस पडत होता, तरी आम्ही बाहेर पडलो’ म्हणतो. चिनी माणूस पहिल्या भागात ‘सुइरान’ आणि दुसऱ्या भागात ‘दानश’ म्हणतो. दोघांनाही जोडी लागते आणि इंग्रजीला ती चालत नाही.

‘पण’, ‘परंतु’ म्हणजे न्यूनत्वबोधक, ‘जरी-तरी’ म्हणजे संकेतबोधक, ही नावं आपण शाळेत पाठ करतो. पण या शब्दांचं काम दुसरी भाषा कशी करते, हे सहसा कोणी सांगत नाही. त्यामुळे मुलं एका भाषेतल्या शब्दासमोर दुसऱ्या भाषेतला शब्द लिहून मोकळी होतात आणि गैरसमज तिथेच सुरू होतात. (चिनी शब्दांचे उच्चार पुढे देवनागरीत जवळपासच्या रूपात दिले आहेत, सूर दाखवलेले नाहीत.)

गैरसमज १ : ‘जरी-तरी’ म्हणजे ‘ऑलदो-बट’.

वस्तुस्थिती : इंग्रजीत ‘बट’ दोन बरोबरीच्या वाक्यांना जोडतो. ‘ऑलदो’ मात्र आपल्या वाक्याला गौण करून मुख्य वाक्याच्या हवाली करतो. ‘ऑलदो’ आला की जोडणी पूर्ण झाली. ‘बट’ला जोडायला काही उरत नाही. म्हणून दोघांपैकी एकच ठेवायचा : ‘ऑलदो इट वॉज रेनिंग, वी वेन्ट आउट’ किंवा ‘इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट आउट’.

इंग्रजीला जोडीचं वावडं आहे, असं मात्र नाही. ‘दो’ किंवा ‘ऑलदो’नंतर ‘यट’ किंवा ‘स्टिल’ येऊ शकतो, कारण तिथे ते क्रियाविशेषणाचं काम करतात. 1611 सालच्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘दो’ आणि ‘यट’ची जोडी वारंवार दिसते. हरकत फक्त ‘बट’ला आहे.

चिनीत उलट आहे. ‘सुइरान’ आला की पुढच्या वाक्यात ‘दानश’, ‘खश’ किंवा ‘तरीही’ या अर्थाचा ‘हाइश’ असा एखादा शब्द लागतोच. नाहीतर वाक्य अर्धवट वाटतं. मात्र ‘सुइरान’ गाळून नुसता ‘दानश’ ठेवला तर काहीच बिघडत नाही. मराठीतही तसंच आहे. ‘पाऊस पडत होता तरी आम्ही बाहेर पडलो’ हे वाक्य ‘जरी’वाचून उभं राहतं, पण ‘जरी पाऊस पडत होता, आम्ही बाहेर पडलो’ म्हटलं की ते लंगडतं. चिनी शिकणाऱ्या मराठी माणसाने इथे आपल्या कानावर खुशाल विश्वास ठेवावा.

गैरसमज २ : ‘बट’ म्हणजे ‘पण’, सगळीकडे.

वस्तुस्थिती : इंग्रजीतला ‘बट’ किमान दोन वेगळी कामं करतो. ‘ही इज अ डॉक्टर, बट ही इज पुअर’ या वाक्यात तो अपेक्षेला धक्का देतो : तो डॉक्टर आहे, पण गरीब आहे. ‘ही इज नॉट अ डॉक्टर बट अ लॉयर’ या वाक्यात धक्का नाही, दुरुस्ती आहे. मराठीत आपण ‘तो डॉक्टर नाही, पण वकील आहे’ म्हणालो तर अर्थ बदलतो; जणू वकील असणं ही त्याची भरपाई आहे. दुरुस्तीसाठी आपल्याकडे ‘तर’ आहे : ‘तो डॉक्टर नाही, तर वकील आहे.’ चिनीतही दुरुस्तीला ‘दानश’ चालत नाही. तिथे ‘बू श... अरश’ अशी वेगळी जोडी वापरतात.

गंमत पुढे आहे. ‘मोठ्याला चहा आवडतो, तर धाकट्याला कॉफी’ या वाक्यात आपण दोन गोष्टी नुसत्या समोरासमोर मांडतो. इंग्रजी इथे ‘व्हाइल’ किंवा ‘वेअरॅझ’ वापरते आणि चिनी ‘अर’ वापरते. ‘अरश’मधला ‘अर’ तो हाच. म्हणजे जिथे आपल्याला ‘तर’ सुचतो, तिथे चिनीला बहुतेक वेळा ‘अर’ सुचतो. जिथे ‘पण’ सुचतो, तिथे ‘दानश’. इंग्रजीने एका ‘बट’मध्ये जे एकत्र केलं, ते मराठीने आणि चिनीने वेगळं ठेवलं आहे.

‘बट’चा इतिहासही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ ‘बाहेर’, ‘वगळून’ असा होता. म्हणूनच ‘एव्हरीवन बट हिम’ म्हणजे ‘त्याच्याशिवाय सगळे’. ‘ही इज बट अ चाइल्ड’ या जुन्या धाटणीच्या वाक्यात ‘बट’ म्हणजे ‘केवळ’. अभिजात चिनीत ‘दान’चाही अर्थ ‘केवळ’ असाच होता. ‘केवळ एवढंच खटकतं’ इथून ‘पण’पर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही.

गैरसमज ३ : ‘ईव्हन दो’ आणि ‘ईव्हन इफ’ एकच.

वस्तुस्थिती : ही चूक मराठी माणसाकडून सहज होते, कारण आपलं ‘जरी-तरी’ दोन्ही कामं करतं. ‘जरी पाऊस पडत होता तरी आम्ही गेलो’ यात पाऊस घडलेली गोष्ट आहे. ‘जरी पाऊस पडला तरी मी जाणार’ यात पाऊस ही शक्यता आहे. आपण हा फरक क्रियापदाच्या रूपावरून ओळखतो; जोडणारा शब्द तोच राहतो. इंग्रजी शब्दच बदलते. घडलेल्या किंवा मान्य असलेल्या गोष्टीला ‘ऑलदो’ किंवा ‘ईव्हन दो’, आणि नुसत्या शक्यतेला ‘ईव्हन इफ’. ‘ईव्हन दो इट रेन्स टुमॉरो’ लिहिलं की उद्याचा पाऊस ठरल्यासारखा वाटतो.

चिनीतही हा भेद काटेकोर आहे. वस्तुस्थितीला ‘सुइरान’ किंवा ‘जिनग्वान’, शक्यतेला ‘जीश’. आणि ‘जीश’चा जोडीदार ‘दानश’ नसून ‘ये’ असतो. अभिजात चिनीत मात्र एकटा ‘सुइ’ आपल्या ‘जरी’सारखाच दोन्हीकडे चालत असे.

गैरसमज ४ : हे सगळे शब्द उभयान्वयी अव्ययं आहेत, एकाच्या जागी दुसरा बसवता येतो.

वस्तुस्थिती : ‘हाऊएव्हर’ म्हणजे भारदस्त ‘बट’, असं अनेकांना वाटतं. पण ‘हाऊएव्हर’ हे क्रियाविशेषण आहे. ते दोन वाक्यांतला विरोध सांगतं, पण त्यांना जोडत नाही. म्हणून ‘इट वॉज लेट’ आणि ‘हाऊएव्हर वी स्टेड’ यांच्यामध्ये नुसता स्वल्पविराम पुरत नाही. पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतो. त्या बदल्यात ‘हाऊएव्हर’ला फिरण्याची मुभा आहे : ‘वी, हाऊएव्हर, स्टेड’ चालतं. ‘बट’ला अशी जागा बदलता येत नाही. ‘दो’ बोलण्यात वाक्याच्या शेवटी येतो, ‘ऑलदो’ तसा येत नाही. आणि ‘डिस्पाइट’च्या पुढे वाक्य येत नाही, नाम किंवा नामासारखं रूप येतं. मराठीत हे काम ‘असूनही’ करतं : ‘पाऊस असूनही’ म्हणजे ‘डिस्पाइट द रेन’. ‘डिस्पाइट ऑफ’ ही ‘इन स्पाइट ऑफ’शी गल्लत होऊन झालेली चूक आहे.

चिनीतला ‘छ्वे’ही क्रियाविशेषणच. तो कर्त्याच्या आधी कधीच येत नाही. कर्त्यानंतर, क्रियापदाच्या आधी येतो. ‘दानश’ मात्र कर्त्याच्या आधी. त्यामुळे दोघं एकाच वाक्यात सुखाने नांदतात : ‘दानश था छ्वे मेइ लाइ’. शब्दाला शब्द लावला तर हे मराठीच वाटतं : ‘पण तो मात्र आला नाही.’ आपला ‘मात्र’ ज्याच्यावर जोर द्यायचा त्या शब्दाला चिकटतो आणि ‘छ्वे’ क्रियापदाच्या बाजूला राहतो, एवढा फरक सांभाळला की ‘छ्वे’ची जागा सहसा चुकत नाही.

‘सुइरान’च्या जागेलाही नियम आहे. दोन्ही वाक्यांचा कर्ता एकच असेल तर साधारणतः कर्ता आधी आणि ‘सुइरान’ नंतर. कर्ते वेगळे असतील तर ‘सुइरान’ अगदी सुरुवातीला. इंग्रजीत ‘ऑलदो’चं वाक्य मागे-पुढे कुठेही बसतं. चिनीची जुनी सवय मात्र गौण वाक्य आधी ठेवण्याची. ‘तो गेला, सुइरान दमला होता’ अशी उलटी रचना आज लेखनात दिसते, आणि त्या रचनेत ‘दानश’ येत नाही. वांग ली या व्याकरणकाराने 1940 च्या दशकात अशा रचनांची नोंद चिनीवरच्या युरोपीय प्रभावाखाली केली होती. अनुवादांतून आलेली ही रचना आता चिनी लेखनात रुळली आहे.

गैरसमज ५ : ‘बट’ने वाक्य सुरू करणं चूक.

वस्तुस्थिती : असा नियम इंग्रजी व्याकरणात नाही. 1776 च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ‘बट’ने सुरू होणारं वाक्य आहे आणि 1863 च्या लिंकन यांच्या गेटिसबर्गच्या भाषणातही आहे. लहान मुलं प्रत्येक वाक्य ‘अँड’ आणि ‘बट’नेच सुरू करू लागतात, म्हणून शिक्षकांनी ती सवय आवरायला सांगितली असावी आणि पुढे त्याचाच नियम झाला असावा. चिनीतही ‘दानश’ किंवा ‘रानअर’ने वाक्य सुरू करायला आडकाठी नाही.

गैरसमज ६ : चिनीतले ‘पण’ सगळे सारखे.

वस्तुस्थिती : अर्थ जवळचे असले तरी ढंग वेगळे आहेत. ‘दानश’ बोलण्यात आणि लिहिण्यात सारखाच चालतो. ‘खश’ बोलण्यातला, जिव्हाळ्याचा. ‘रानअर’ लेखनातला, आपल्या ‘तथापि’च्या पंगतीतला. ‘बूग्वो’ सौम्य आहे. समोरच्याचं बोलणं मान्य करून हळूच आपला मुद्दा मांडायला तो बरा पडतो.

दुकानात कापड हातात घेऊन चिनी गिऱ्हाईक म्हणतं, ‘हाओ श हाओ, ज्योश थाय ग्वेइ ल.’ चांगलं आहे खरं, फक्त फार महाग आहे. ‘हाओ’ म्हणजे ‘चांगलं’. तो शब्द दोनदा म्हणून आधी समोरच्याचं म्हणणं मान्य केलं जातं आणि मग अडचण सांगितली जाते. इंग्रजी हेच काम ‘इट इज गुड, बट’ म्हणताना ‘इज’वर जोर देऊन करते. विरोध तोच, पण एका भाषेत तो पुनरुक्तीने उभा राहतो आणि दुसरीत आवाजाच्या चढाने.

गैरसमज ७ : चिनीला व्याकरण नाही, शब्द शेजारी ठेवले की झालं.

वस्तुस्थिती : चिनीत जोडशब्द पुष्कळदा गाळले जातात, हे खरं. ‘रन लाओ, शिन बू लाओ’ : माणूस म्हातारा, मन म्हातारं नाही. पाच अक्षरं आणि ‘पण’ कुठेच नाही, तरी विरोध लख्ख कळतो. पण याचा अर्थ नियम नाहीत असा नव्हे. दोन भाग मोजून-मापून समोरासमोर ठेवलेले असतात आणि त्या मांडणीतूनच विरोध उमटतो. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. ‘नाव मोठं, लक्षण खोटं’ किंवा ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ यांतही ‘पण’ नाही. इंग्रजीच्या म्हणींतही ही सोय आहे : ‘मॅन प्रपोझेस, गॉड डिस्पोझेस’. फरक इतकाच की इंग्रजी गद्य एरवी जोडशब्द सहसा सोडत नाही आणि चिनी गद्य तो संदर्भावर सोपवू शकतं.

मग शिकायचं कसं? जोडशब्दासमोर मराठी अर्थ लिहून थांबू नये. प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारावेत : याला जोडीदार लागतो का? हा कर्त्याच्या आधी येतो की नंतर? हा घडलेल्या गोष्टीबद्दल बोलतो, शक्यतेबद्दल बोलतो, की दुरुस्ती करतो? मराठीत ‘पण’, ‘तर’, ‘मात्र’, ‘जरी-तरी’, ‘असूनही’ ही हत्यारं आपण रोज अचूक वापरतो. वर्गात शिक्षकांनी आधी हे फरक मराठी वाक्यांत मुलांकडून काढून घेतले आणि मग इंग्रजी किंवा चिनी वाक्यं फळ्यावर लिहिली, तर ‘ऑलदो-बट’खालच्या लाल रेघा आपोआप कमी होतील. परभाषेचं व्याकरण शिकवताना मराठी बाजूला ठेवू नये. सुरुवातच तिच्यापासून करावी.