कुलपांची सेवा कठोरच हवी

चंडीगडला लागून असलेल्या मोहालीत, पूर्वीच्या राष्ट्रीय कृषी-अन्न जैवतंत्रज्ञान संस्थेत, पुण्याच्या सी-डॅकने राष्ट्रीय सुपरकम्प्युटिंग मोहिमेखाली उभारलेला ‘परम स्मृती’ हा महासंगणक आहे. महासंगणक म्हणजे एकच अजस्र यंत्र नव्हे. तो अनेक सर्व्हरांचा समूह असतो आणि त्यांचा साठा सामाईक. दोन सर्व्हरांनी फाइलच्या एकाच भागावर एकाच वेळी लिहिले तर नोंदी बिघडतात, आणि ते लगेच कळतही नाही. म्हणून पडद्यामागे एक सेवा अखंड चालू असावी लागते: लिहिण्यापूर्वी तिच्याकडून कुलूप घ्यायचे, दुसऱ्याने मागितले की सोडायचे. महासंगणकांत सर्रास दिसणाऱ्या लस्टर या फाइल-प्रणालीत ती अंगभूतच असते. कल्पना मात्र १९८०च्या दशकातल्या व्हॅक्स संगणकांच्या समूहांइतकी जुनी.

कुलूप धरून बसलेला सर्व्हर उत्तरच देईनासा झाला तर? लस्टर ठरावीक वेळ थांबते आणि त्याला बाहेर काढते. त्याने साठ्यावर न उतरवलेली माहिती बुडते. यावरचा आक्षेप रास्त आहे: तो बंद पडला नसेल, नुसता नेटवर्कमध्ये अडकला असेल. पण दुरून हा फरक कळायचा कसा? वाट पाहत राहावे तर बाकीचे खोळंबतात. त्याला न हटवता कुलूप दुसऱ्याला द्यावे, तर तो जागा होऊन जुन्याच हक्काने लिहील आणि जनुकक्रमाची फाइल गुपचूप बिघडेल. बुडालेले काम निदान दिसते, पुन्हा चालवता येते. वाट पाहण्याची मुदत वाढवण्याचा सल्ला गर्दीच्या नेटवर्कपुरता ठीक. हकालपट्टीच बंद करा, हा मात्र नाही.