श्वास लवकर परतला, तरी ताकद उशिरा परतते

समजा, शारजात राहणारे आपल्यातलेच एक गृहस्थ. वय पंचेचाळीस, नोकरी दुबईत. चार दिवस ताप आणि खोकला. पॅनाडॉल घेऊन ऑफिस चालूच. पाचव्या दिवशी एक जिना चढताच धाप लागते, एक वाक्य पुरते बोलवत नाही, ओठ निळसर दिसतात. रुग्णालयात मास्कने भरपूर प्राणवायू देऊनही रक्तातले प्रमाण वाढत नाही. डॉक्टर म्हणतात, 'एआरडीएस आहे, व्हेंटिलेटर लावावा लागेल.' गावाकडून फोन येतो, 'अगं, पण साधा तापच होता ना?'

वाचकहो, हा साधा ताप राहिलेला नसतो. आपल्या फुफ्फुसांत कोट्यवधी इवले वायुकोश असतात. त्यांच्या पातळ पडद्यातून प्राणवायू रक्तात जातो. तीव्र दाहाने हा पडदा गळू लागला की वायुकोशांत हवेऐवजी पाणी भरते आणि फुफ्फुस कडक होते. डेन्व्हरच्या डॉक्टरांनी 1967 साली 12 रुग्णांवरून या आजाराचे पहिले वर्णन केले.

सर्वांत मोठे कारण न्यूमोनिया. शिवाय रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, उलटी श्वासनलिकेत जाणे, स्वादुपिंडाचा दाह, मोठा अपघात, भाजणे, पाण्यात बुडता बुडता वाचणे, यांतूनही तो उद्भवतो. 2009 साली स्वाइन फ्लूने पुणे हादरले आणि 2020-21 मध्ये करोनाने इथे व तिकडे अनेक घरांना 'व्हेंटिलेटर' हा शब्द शिकवला. दोन्ही वेळी गंभीर रुग्णांच्या फुफ्फुसांत बहुधा हेच घडत होते.

व्हेंटिलेटर आजार बरा करीत नाही, तो वेळ मिळवून देतो. मूळ कारणावर औषधे चालू असताना श्वासाचे काम यंत्र करते. पूर्वी या यंत्राने मोठे श्वास देत. सन 2000 मध्ये 861 रुग्णांवरील अमेरिकन चाचणीत लहान श्वास दिल्यावर मृत्यूचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर आले. 2013 साली फ्रेंच डॉक्टरांनी दाखवले, की गंभीर रुग्णाला रोज सोळा तास पालथे झोपवल्यास पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू जवळजवळ निम्मे होतात. म्हणून आपला माणूस पालथा दिसला तर घाबरू नये. तरीही 2016 साली प्रसिद्ध झालेल्या, 50 देशांतील पाहणीत शंभरातले सुमारे 40 रुग्ण दगावल्याचे आढळले. आजार हलका घेण्याजोगा नाही.

आता अर्थाची बाजू. रुग्ण घरी आला की आपण पेढे वाटतो. खरी परीक्षा तिथून सुरू होते. टोरांटोच्या डॉक्टरांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाचलेल्या रुग्णांची फुफ्फुसे सहा महिन्यांत बरीचशी पूर्ववत झाली होती. पण अतिदक्षता विभागातून बाहेर पडताना त्यांचे वजन सरासरी 18 टक्क्यांनी घटले होते आणि स्नायू अशक्त होते. वर्ष उलटल्यावरही जेमतेम निम्मेच कामावर परतले होते. अनेकांना भीतिदायक स्वप्ने, विसराळूपणा, उदासीही जाणवते. हे मनाचे खेळ नव्हेत. आजाराचाच तो भाग आहे.

आता रजेचा हिशेब पाहा. अमिरातीच्या 2021 च्या कामगार कायद्यानुसार परीक्षाकाळ संपलेल्या खाजगी नोकरदाराला वर्षात 90 दिवस आजारी रजा मिळते: 15 दिवस पूर्ण पगारी, पुढचे 30 अर्ध्या पगारी, उरलेले 45 बिनपगारी. म्हणजे तीन महिन्यांत हाती येतो एका महिन्याचा पगार! त्यानंतरही कामावर येता आले नाही तर मालक नोकरी संपवू शकतो. आजारपणाची सूचना तीन कामकाजाच्या दिवसांत द्यावी लागते, आणि बेशुद्ध माणूस ती देऊ शकत नाही. दुबईच्या आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्रासारख्या ठिकाणी नियम निराळे आहेत, तेव्हा आपले करारपत्र वाचावे.

म्हणून आजच चार गोष्टी कराव्यात. पहिली, विम्याची वार्षिक मर्यादा पाहावी. 2025 पासून विमा सातही अमिरातींत बंधनकारक झाला. पण दुबईच्या मूलभूत योजनेची मर्यादा दीड लाख दिरहम आहे, आणि दीर्घ अतिदक्षता उपचारांत ती संपू शकते. दुसरी, निदान सहा महिन्यांचा खर्च पत्नीच्या किंवा पतीच्या स्वतंत्र खात्यात ठेवावा. घरभाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आजारपणासाठी थांबत नाहीत. तिसरी, विम्याचे कार्ड, कंपनीतील संबंधिताचा नंबर आणि औषधांची यादी घरात सर्वांना माहीत असावी. चौथी, फ्लूची लस दरवर्षी घ्यावी. मधुमेह, दमा असलेल्यांनी आणि वडीलधाऱ्यांनी न्यूमोनियाच्या लसीबद्दलही डॉक्टरांना विचारावे.

आणि धाप लागून वाक्य तुटू लागले, ओठ निळे पडले किंवा माणूस गोंधळून बोलू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. रुग्णवाहिकेसाठी 998 फिरवावा.

ही वेळ कोणावरही न येवो. पण आलीच, तर घरच्यांना बिलांची नव्हे, फक्त आपल्या माणसाचीच काळजी करता यावी, एवढी तजवीज आपल्या हातात नक्की आहे.