आकडा मोठा म्हणजे माणूस मोठा? बोनस ठरवण्याआधी बेसबॉलचा हॉल ऑफ फेम बघा

बोनसचा विषय निघाला की नव्या उद्योजकांचा एक प्रश्न हमखास येतो. "दुकानात दोन माणसं आहेत, दोघंही कामाची आहेत, मग जास्त कुणाला द्यायचं?" बहुतेक जण विक्रीचा आकडा बघतात आणि मोकळे होतात. ज्याचा आकडा मोठा, त्याला पाकीट मोठं. आणि दोन-तीन महिन्यांत दुसरा माणूस समोरच्या दुकानात दिसतो!

हाच प्रश्न काही लोक गंमत म्हणून वर्षानुवर्षं सोडवत बसलेले आहेत, तेही कधी जन्मालाच न आलेल्या खेळाडूंसाठी. त्यांच्याकडून आपल्याला पुष्कळ उचलता येतं.

'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' नावाचा एक कॉम्प्युटर गेम आहे. मार्कस हाइनसोन या जर्मन माणसानं तो बनवला, पहिली आवृत्ती १९९९ ची. यात आपण बॅट फिरवायची नसते. आपण संघ चालवायचा: कुणाला घ्यायचं, कुणाला विकायचं, पगार किती द्यायचा. ऑनलाइन लीगमध्ये प्रत्येकाकडे एकेक संघ असतो आणि एक जण कमिशनर असतो. ठरलेल्या दिवशी तो पुढचे सामने कॉम्प्युटरवर खेळवतो आणि निकाल सगळ्यांना मिळतात. खेळाडू अनेकदा पूर्ण काल्पनिक असतात. ते तरुणपणी चमकतात, जखमी होतात, उतरतात, निवृत्त होतात. लीगची अशी तीस-चाळीस वर्षं झाली की मालक मंडळी मतदानाला बसतात. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोरांच्या यादीत, कोण जाणार?

इथे गंमत बघा. या खेळाडूला चेहरा नाही, आडनाव गावातलं नाही, त्याच्या वडिलांशी आपली ओळख नाही. फक्त नोंदी आहेत, त्याही पूर्ण. तरीसुद्धा भांडणं होतात! कारण नोंदी असल्या तरी त्या वाचायच्या कशा, हे कुणीतरी ठरवावं लागतं.

खऱ्या बेसबॉलचा हॉल ऑफ फेम अमेरिकेत कूपर्सटाउन या छोट्या गावात आहे. पहिली निवड १९३६ ची, संग्रहालय उघडलं १९३९ ला. नियम कडक. खेळाडू किमान १० हंगाम खेळलेला हवा आणि निवृत्त होऊन ५ वर्षं झालेली हवीत. मतं देतात अनुभवी क्रीडा पत्रकार, आणि आत जायला ७५ टक्के मतं लागतात. ५ टक्क्यांपेक्षा कमी पडली तर नाव यादीतूनच जातं. ऑनलाइन लीगवाले साधारण हाच साचा घेतात आणि आपल्या सोयीनं थोडाफार बदलतात.

आता आपल्या कामाचं.

पालमसारख्या तालुक्याच्या गावात एक कृषी सेवा केंद्र आहे असं समजा. बी-बियाणं, खत, औषधं. मालकाकडे दोन पोरं आहेत. एकाच्या वाट्याला गंगाखेड-लोहा रस्त्यालगतची गावं, दुसऱ्याच्या वाट्याला आतली गावं. खरीप हंगामात पहिल्याची विक्री १८ लाख, दुसऱ्याची ९ लाख. डोळे झाकून पहिला थोर, नाही का?

बेसबॉलवाले इथेच थांबवतील. ते आधी विचारतील, मैदान कुठलं होतं? लॅरी वॉकर नावाचा जबरदस्त फलंदाज होता. त्याची अनेक वर्षं डेन्व्हरच्या मैदानावर गेली. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंच. हवा विरळ, त्यामुळे मारलेला चेंडू जास्त लांब जातो. मतदारांना त्याच्या आकड्यांवर भरवसाच बसेना. २०१४ मध्ये त्याला जेमतेम १० टक्के मतं होती. मैदानाचा फायदा वजा करून आकडे मांडायची पद्धत रुळली, तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की फायदा काढला तरी हा माणूस मोठाच उरतो. २०२० मध्ये, शेवटच्या म्हणजे दहाव्या संधीला, ७६.६ टक्के मतांनी तो आत गेला. मैदान वजा करायचं ते कुणाला खाली पाडायला नाही, खरा माणूस किती आहे ते कळायला.

आपल्या पहिल्या पोराचं मैदान मोठ्या रस्त्यावरचं आहे. गिऱ्हाईक येता-जाता स्वतःहून थांबतं. मग वजा किती करायचं?

यासाठी त्यांच्याकडे एक फार भारी कल्पना आहे. ते खेळाडूची तुलना सर्वोत्तम खेळाडूशी करत नाहीत, सरासरीशीही नाही. ते विचारतात: याच्या जागी सहज मिळणारा कुणीही साधा खेळाडू उभा केला असता, तर संघानं किती सामने कमी जिंकले असते? त्या फरकाला 'वॉर' म्हणतात. साधारण १० धावांचा फरक म्हणजे एक विजय, असा हिशेब धरतात.

आता हेच दुकानात करा. जुनी वही काढा. हा पोरगा यायच्या आधी, साध्या मदतनिसाच्या हातात, त्या रस्त्यावर हंगामाची विक्री किती होती? समजा १६ लाख. म्हणजे यानं घातलेली भर २ लाखांची. आतल्या गावांत आधी ५ लाख होती, ती ९ वर गेली. भर ४ लाखांची. चित्र उलटलं! १८ मधले १६ लाख रस्त्याचे होते, पोराचे नव्हते.

पण थांबा, अजून एक चाळणी आहे. काळ. १९३० साली बेसबॉलच्या अख्ख्या नॅशनल लीगची फलंदाजीची सरासरी .३०३ होती. १९६८ साली अमेरिकन लीगमध्ये अव्वल ठरलेल्या कार्ल यास्ट्रझेम्स्कीची सरासरी होती .३०१. म्हणजे एका काळात जो सर्वसाधारण आकडा होता, त्याच्याही खालचा आकडा दुसऱ्या काळात पहिला नंबर ठरला. १९६८ मध्ये गोलंदाज इतके वरचढ होते की पुढच्या वर्षी त्यांचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणावा लागला. ऑनलाइन लीगमध्येही कमिशनरनं सेटिंग बदललं की धावांचा पूर येतो किंवा दुष्काळ पडतो. म्हणून जाणते मतदार खेळाडूला आधी त्याच्याच काळातल्या लोकांशेजारी उभं करतात.

आपल्याकडे हा काळ म्हणजे भाव. खताच्या पोत्याचा भाव वाढला की विक्रीचा आकडा आपोआप फुगतो, पोरानं काही न करता. म्हणून मागच्या वर्षाशी तुलना करताना रुपये बघू नका, पोती मोजा, बियाण्याच्या पिशव्या मोजा.

क्रिकेटमध्ये हे आपल्याला पटकन पटतं. विनू मंकड ४४ कसोटी खेळले, सचिन २००. नुसती बेरीज केली तर मंकड कुठेच दिसणार नाहीत. पण त्यांच्या काळात कसोट्याच कमी व्हायच्या. १९५२ ला लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या आणि मधल्या डावात ७३ षटकं टाकली. आयसीसीनं २०२१ मध्ये क्रिकेटच्या इतिहासाचे पाच कालखंड पाडले आणि प्रत्येकातून दोघांना हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेव्हा महायुद्धानंतरच्या कालखंडातून मंकड आत गेले. डायना एडलजींचंही तसंच. २० कसोटींत ६३ बळी. महिलांचे सामनेच मोजके होत त्या दिवसांतले. २०२३ मध्ये त्या आत गेल्या, भारतीय महिलांमध्ये पहिल्या.

पद्माकर शिवलकरांचं काय करायचं, हा मात्र मला आजही छळणारा प्रश्न आहे. प्रथम श्रेणीत १२४ सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. भारताकडून एकही कसोटी नाही, कारण त्याच काळात त्याच डावखुऱ्या फिरकीच्या जागेवर बिशनसिंग बेदी होते. आंतरराष्ट्रीय कामगिरी मोजणाऱ्या यादीत शिवलकर बसूच शकत नाहीत. यात आकड्यांचा दोष नाही, यादी कशासाठी आहे त्याचा आहे. तुमच्या दुकानातही असा माणूस असतो. गोडाऊन सांभाळतो, एक्स्पायरी डेट बघतो, माल वेळेवर उतरवतो. विक्रीच्या वहीत त्याचं नावच नाही. बोनस फक्त विक्रीवर ठेवलात तर तो जन्मभर शून्यावर राहील. त्याच्यासाठी वेगळी ओळ करा: खराब झालेला माल मागच्या वर्षी किती होता, यंदा किती आहे.

ऑनलाइन लीगमध्ये एक तिढा हमखास येतो. लीग सुरू होते तेव्हा काही खेळाडू गेम थेट तिशीतले बनवतो. त्यांची आधीची वर्षं कुठेच नोंदलेली नसतात, म्हणून कारकीर्द अर्धीच दिसते. तुम्ही ॲपमध्ये हिशेब ठेवायला दोन वर्षांपूर्वी लागलात, पण जुना माणूस दुकान उघडल्यापासून आहे. त्याची पहिली वर्षं ॲपमध्ये नाहीत म्हणून घडली नाहीत, असं होत नाही. बसा त्याच्याशेजारी आणि आठवून लिहून काढा.

मग वाद उरतो तो शिखराचा आणि सातत्याचा. सँडी कोफॅक्सनं हाताच्या दुखण्यामुळे ३० व्या वर्षीच खेळ सोडला. कारकिर्दीत विजय फक्त १६५, पण १९६२ ते १९६६ ही पाच वर्षं सलग त्याच्याइतक्या कमी धावा त्याच्या लीगमध्ये कुणीच दिल्या नाहीत. वयाच्या ३६ व्या वर्षी तो हॉलमध्ये. दुसरीकडे डॉन सटन. २३ हंगाम, ३२४ विजय, पण एका हंगामात २० विजय त्यानं एकदाच गाठले. त्याला पाचव्या प्रयत्नात, १९९८ ला प्रवेश मिळाला. जे जाफी या लेखकानं यावर तोडगा काढला. पूर्ण कारकिर्दीचा 'वॉर' आणि सर्वोत्तम सात वर्षांचा 'वॉर', दोन्हींची सरासरी घ्यायची आणि त्या जागेवरच्या, आधीच आत असलेल्या खेळाडूंशी ताडून बघायची. मला हा मार्ग आवडतो. पण छोट्या दुकानात माझा कल सटनकडे. धंद्याला रोज सकाळी कुलूप उघडणारा माणूस लागतो.

आता ५ वर्षं थांबायच्या नियमाकडे परत या, कारण मराठवाड्यात खरा पैसा इथेच अडकतो. जूनमध्ये माल उधारीवर जातो. वसुली होते सोयाबीन निघाल्यावर, कापूस विकल्यावर. जूनमध्ये हवं त्याला उधार वाटणारा पोरगा ऑगस्टपर्यंत चॅम्पियन दिसतो. डिसेंबरात त्याच्या १८ लाखांपैकी साडेतीन लाख बाहेर, आणि दुसऱ्याचे ९ लाखांपैकी ४० हजार. तोवर कंपनीचं बिल भरायची तारीख उलटलेली असते आणि खिशातून भरणारे तुम्ही असता. वसुलीआधी कौतुक करा, पाठ थोपटा, जेवायला न्या. पाकीट नको. दिवाळीला सगळ्यांना ठरलेली सारखी रक्कम द्या, कामगिरीचा भाग संक्रांतीला.

एक मात्र टाळा. काही लीगमध्ये नियम असतो, दरवर्षी निदान एक जण आत गेलाच पाहिजे. मग कमकुवत वर्षी कुणीही जातो आणि पुढच्या वर्षी प्रत्येक जण त्याच्याकडे बोट दाखवतो, "तो आत आहे, मग हा का नाही?" दर महिन्याला 'बेस्ट एम्प्लॉई' काढणाऱ्या दुकानात हेच होतं. चौथ्या महिन्यापासून पाळी लागते.

यंदासाठी एवढं करा. पेरणीआधी, कुणाचंही नाव डोळ्यांसमोर न आणता, एका कागदावर लिहा: कुठलं काम मोजणार, कशाशी तुलना करणार, कुठल्या तारखेला मोजणार. दोन्ही पोरांना आणि गोडाऊनवाल्यालाही वाचून दाखवा. त्यांच्या हरकती त्याच दिवशी ऐका, पटल्या तर बदला, सह्या घ्या आणि कागद गल्ल्याच्या मागे चिकटवा. वहीचा नमुना पुढच्या व्हिडिओत भरून दाखवतो.