पृथ्वीला चुकलेली सावली

2022 सालच्या दिवाळीत लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्यामध्ये एक दिवस मोकळा राहिला. 24 ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झाले, पाडवा आला थेट 26 तारखेला, आणि मधल्या मंगळवारी संध्याकाळी सूर्याला ग्रहण लागले. फराळाच्या डब्यांवर तुळशीपत्रे ठेवली गेली, अनेक देवळांची दारे बंद झाली. मुंबईत 4 वाजून 49 मिनिटांनी स्पर्श झाला, पण मोक्ष कोणाला दिसलाच नाही. तासा-सव्वा तासाने ग्रासलेला सूर्य तसाच समुद्रात उतरला. पंचांगवाल्यांच्या भाषेत हे ग्रस्तास्त ग्रहण.

खंडग्रास म्हटले की लोकांचा उत्साह अर्ध्यावर येतो. खरी मजा खग्रासची, हे तर उरलेसुरले, असा सूर असतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. 26 डिसेंबर 2019 रोजी केरळ-तमिळनाडूच्या काही भागांतून कंकण दिसले आणि महाराष्ट्राच्या वाट्याला कोर आली, कारण कंकण दिसणाऱ्या पट्ट्याच्या आपण बाहेर होतो. 2022चे प्रकरण मात्र वेगळे होते. त्या दिवशी पट्टाच नव्हता. जगाच्या पाठीवर कुठेही, कितीही पैसे खर्चून गेले असते, तरी सूर्य पूर्ण झाकलेला दिसला नसता.

चंद्राच्या सावलीचे दोन भाग असतात. मधली गडद छाया निमुळती होत जाते आणि पृथ्वीपर्यंत पोचलीच तर तिचे टोक जेमतेम शे-दोनशे किलोमीटर रुंदीचे असते. तिच्याभोवतीची विरळ छाया हजारो किलोमीटर पसरते. तिच्यात उभ्या असलेल्याला चंद्राआडून सूर्याचा काही भाग दिसतच राहतो. आता चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. म्हणून बहुतेक अमावास्यांना ही सारी सावली पृथ्वीच्या वरून किंवा खालून अवकाशात निघून जाते. या दोन कक्षा जिथे छेदतात ते बिंदू म्हणजे राहू आणि केतू. अमावास्येला सूर्य त्यांच्यापासून साधारण दहा-बारा अंशांच्या आत असेल, तर गडद छायेचा अक्ष पृथ्वीला भिडतो. त्याहून थोडा लांब, सुमारे अठरा अंशांपर्यंत असेल, तर फक्त विरळ छायेचा पदर पृथ्वीला लागतो.

25 ऑक्टोबरला नेमके हेच घडले. छायेचा अक्ष उत्तर गोलार्धाच्या माथ्यावरून, जमिनीपासून सुमारे साडेचारशे किलोमीटर उंचीवरून निसटला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण एवढ्याच उंचीवर फिरते, म्हणजे चूक फार मोठी नव्हती! सगळ्यात मोठा ग्रास पश्चिम सायबेरियात दिसला. तिथे सूर्यबिंबाच्या व्यासाचा 86 टक्के भाग झाकला गेला. दक्षिणेकडे येऊ तसा ग्रास कमी: दिल्लीत बिंबाच्या क्षेत्रफळाचा 44 टक्के, मुंबईत 24. व्यासाने मोजले तर मुंबईतला आकडा एक तृतीयांशाच्या थोडा वर जातो. बातम्यांत ही दोन मापे सर्रास एकमेकांत मिसळतात आणि वाचक बुचकळ्यात पडतो.

या ग्रहणाला घराणेही आहे. 18 वर्षे, सुमारे 11 दिवस आणि 8 तासांनी सूर्य, चंद्र आणि पातबिंदू (म्हणजे वरचे राहू-केतू) जवळजवळ त्याच स्थितीत येतात. या चक्राला सारोस म्हणतात. वरचे आठ तास महत्त्वाचे, कारण तेवढ्यात पृथ्वी एक तृतीयांश फिरलेली असते आणि पुढचे ग्रहण भलत्याच देशांना दिसते. 2022च्या ग्रहणाचे 1968 मधले भावंड खग्रास होते, ते सोव्हिएत संघातून दिसले. 1986ला उत्तर अटलांटिकवर गडद छायेचे टोक पृथ्वीला केवळ घासून गेले. खग्रास स्थिती क्षणभरही धड टिकली नाही. 2004 पासून घराण्यात फक्त खंडग्रास उरले. पुढचे 2040 साली उत्तर अमेरिकेत दिसेल, आणखी उथळ. अकराव्या शतकात सुरू झालेली ही मालिका 2347 साली संपेल.

असली गणिते आपल्याकडेही जुनी आहेत. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 साली ‘ग्रहलाघव’ रचले. त्रिकोणमितीतली ‘ज्या’ (साइन) न वापरता ग्रहगणित करण्याची सोय त्यात होती, आणि महाराष्ट्रातल्या पंचांगकर्त्यांनी पुढे कित्येक पिढ्या त्याच्यावर ग्रहणे वर्तवली. तुळशीपत्राची चर्चा दरवेळी होते, या नांदगावकराची होत नाही.

भारतातून दिसणारे यानंतरचे सूर्यग्रहण 2 ऑगस्ट 2027चे. इजिप्तमधल्या लक्सॉरला तेव्हा सहा मिनिटांहून अधिक काळ अंधार होईल. आपल्याकडे पुन्हा खंडग्रासच, तेही दुपार कलताना. त्या दिवशी आषाढी अमावास्या आहे, म्हणजे घरोघरी दिवे पुजण्याची आणि काहींच्या लेखी गटारीची. आकाशाचे तेवढे सांगता येत नाही: ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोकणात सूर्य एरवीही क्वचितच दिसतो, आणि ग्रहणचष्मे घेऊन बसायचे तर घाट ओलांडून पर्जन्यछायेतल्या माणदेशात किंवा सोलापूरकडे गेलेले बरे.