चित्रातला म्हातारा आणि संघातला तरुण

उल्हास नदीकाठच्या शहाडमध्ये आमच्या समाजाच्या कोणत्याही घरात जा, तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरी शेजारी-शेजारी दिसतील. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवरून परतताना आई-वडील मुलांसाठी गोष्टींची चित्रमय पुस्तके आणतात. त्यांतील एक चित्र सर्वांच्या ओळखीचे आहे. रथात राजपुत्र, लगाम धरलेला छन्न आणि वाटेत काठी टेकत चाललेला म्हातारा. पुढे आजारी माणूस, मग प्रेत, मग संन्यासी. शेवटी मध्यरात्र, झोपलेली यशोधरा, कुशीत राहुल आणि उंबरठ्यावर सिद्धार्थ.

चित्रे सुबक असतात. पण ती मुलांना काय शिकवतात, याचा विचार आपण करतो काय?

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी ही लोककथा साफ नाकारली आहे. मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारा, रोगी किंवा प्रेत पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटेल काय, असा त्यांचा रोकडा सवाल आहे. दीघनिकायाच्या महापदानसुत्तात तर ही चार दृश्यांची कथा गौतमाची नसून विपस्सी बुद्धाची आहे. आई-वडील रडत असताना आपण प्रव्रज्या घेतली, असे स्वतः तथागत अरियपरियेसनसुत्तात सांगतात. मग चोरपावलांनी निघून जाणे कोठले?

बाबासाहेबांनी सांगितलेली हकिकत वेगळी आहे. विसाव्या वर्षी सिद्धार्थ शाक्य संघाचा सभासद झाला. आठव्या वर्षी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा पेटला. सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. अठ्ठावीस वर्षांच्या सिद्धार्थाने भर सभेत विरोध केला. दोन्हीकडून दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा, अशी त्याची सूचना होती. ती प्रचंड बहुमताने फेटाळली गेली. त्याने सैन्यात जाण्यास नकार दिला. कुटुंबावर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती ओढवू नये म्हणून त्याने प्रव्रज्या स्वीकारली. यशोधरेने अडवले नाही. राहुलला सांभाळायचे नसते तर आपणही सोबत आलो असतो, असे तिने सांगितले.

आता दोन चित्रे शेजारी ठेवा. पहिल्यात तरुण म्हातारपणाला भितो आणि पत्नी झोपलेली असते. दुसऱ्यात तरुण जुन्या रूढीला भीत नाही आणि पत्नी जागी असते. पाण्यावरून माणसाने माणसाचा वैरी होऊ नये, हा रोहिणीकाठचा प्रश्न. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब गेले, तेव्हा पाण्याबरोबर माणुसकीचाच प्रश्न होता.

येथे 'जुने' म्हणजे वयाने म्हातारे नव्हे. १९५६ च्या दीक्षेनंतर ज्यांनी देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले, त्यांच्यापैकी आज थोडेच हयात आहेत. त्यांची पाठ वाकली, पण विचार तरुण आहे. उलट पंचविशीतला पदवीधर हुंड्याची यादी पाठवतो, तेव्हा तो सेनापतीच्याच बाजूने हात वर करतो.

खरा प्रश्न आपल्या घरात आहे. मुलगी म्हणते, हुंडा मागणारे स्थळ नको. मुलगा म्हणतो, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, मग गावच्या जत्रेचा नवस कशाला? तेव्हा आपण "मोठ्यांपुढे बोलू नकोस" म्हणून त्यांना गप्प करतो. भिंतीवर सिद्धार्थाला हार आणि घरातल्या सिद्धार्थाला दटावणी, हे कसे चालेल?

म्हणून आमची माता-पित्यांना विनंती आहे. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होते, तेव्हा रोहिणीचे प्रकरण मुलांकडून वाचून घ्या. हाती कागद आणि रंग द्या. भरलेली सभा आणि तीत एकटा उभा राहिलेला तरुण त्यांना काढू द्या. शेजारी जागी यशोधराही असू द्या. चित्र वेडेवाकडे आले तरी चालेल. ते तसबिरींच्या खाली लावा, आणि उद्या तेच मूल घरात प्रश्न विचारील, तेव्हा त्याचे शेवटपर्यंत ऐकून घ्या.